अकरा वर्षांचा सोर्स कोड चित्रात कसा दाखवावा?

बंदरवाडी (रत्नागिरी)

नमस्कार मंडळी,

एका बंदरावरील मच्छीमार सहकारी संस्थेचे हिशेबाचे सॉफ्टवेअर मी २०१४ पासून सांभाळतो आहे. लिलावाची पट्टी, डिझेलची विक्री व त्यावरील कराच्या परताव्याचे अर्ज, बर्फाची वजावट, जाळी-दोरीच्या दुकानाची बिले आणि सभासदांचे भाग एवढा त्याचा पसारा आहे. सुरुवातीला मी एकटाच होतो. मध्यंतरी तिघे जण आले, शिकले आणि पुण्याला गेले. सध्या आम्ही दोघे आहोत. सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामच्या मूळ लिखित ओळी, पहिल्या दिवसापासून गिटमध्ये (कोडचा प्रत्येक बदल जपून ठेवणाऱ्या प्रणालीत) आहे आणि आज त्यात सहा हजारांहून अधिक कमिट, म्हणजे नोंदवलेले बदल, आहेत.

मागील सभेत एका संचालकांनी अगदी सरळ मनाने विचारले, "होडी बांधायला घेतली की एक दिवस ती पाण्यात जाते. तुमचे काम अकरा वर्षे चालले आहे, ते संपत का नाही?" ते स्वतः तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख, होते, त्यामुळे प्रश्नात खोच नव्हती, आणि म्हणूनच मला उत्तर सुचले नाही. पुढील सभेत मला वीस मिनिटे आणि एक प्रोजेक्टर मिळणार आहे. सोर्स कोड काळानुसार कसा बदलत गेला हे कोड न वाचणाऱ्या माणसांना दिसेल असे चित्र काढता येते का, आणि ते दाखवून काही साधते का, याविषयी जाणकारांनी लिहावे.

सुरूबन (गुहागर)

आपल्याला बहुधा 'गोर्स' हवे आहे. न्यूझीलंडचे अँड्र्यू कॉडवेल यांनी ते २००९ साली प्रसिद्ध केले. ते मुक्तस्रोत असून गिटचा लॉग, म्हणजे बदलांची यादी, थेट वाचते. रिपॉझिटरी (कोड आणि त्याच्या इतिहासाचा साठा) हे एक झाड, फोल्डर या त्याच्या फांद्या आणि फाईली हे फांद्यांच्या टोकांवरचे रंगीत ठिपके अशी त्याची मांडणी आहे. प्रोग्रामर एका छोट्या आकृतीच्या रूपाने झाडाभोवती तरंगत असतो आणि ज्या फाईलला हात लावतो तिच्याकडे प्रकाशाची तिरीप सोडतो. फाईल काढून टाकली की तिचा ठिपका नाहीसा होतो. त्याच्या आदल्या वर्षी मायकेल ओगावा यांनी 'कोड स्वॉर्म' केले होते, ज्यात फाईली माश्यांच्या थव्याप्रमाणे माणसांभोवती घोंगावतात. दिसायला सुंदर, परंतु फोल्डरांची रचना त्यात कळत नाही.

वेगाकडे मात्र लक्ष द्या. गोर्स मुळात एका दिवसाला १० सेकंद देते. अकरा वर्षांचे ४,०१५ दिवस धरले तर ४०,१५० सेकंद, म्हणजे अकरा तासांहून अधिक वेळ होतो. मधले रिकामे दिवस ते आपोआप ओलांडते, तरीही एवढा वेळ संचालक बसणार नाहीत. दिवसाला ०.०५ सेकंद दिलेत तर सगळा खेळ साडेतीन मिनिटांच्या आत आटोपतो. चित्रफीत करायची असल्यास त्याची चित्रे एफएफएमपेग या प्रणालीकडे सोडता येतात.

काजूबी

वाचनखुणांत साठवले आहे. आमच्या कार्यालयात चित्र काढण्यासारखे काही नाही, कारण आमच्या सॉफ्टवेअरचा सर्व इतिहास 'नवीन', 'नवीन २' आणि 'नवीन खरे' या तीन फोल्डरांत सामावलेला आहे.

कातळसडा (राजापूर)

सुरूबन यांच्या सूचनेशी मी अंशतः असहमत आहे. गोर्स मी दोनदा वापरले, दोन्ही वेळा लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि दोन्ही वेळा एकानेही प्रश्न विचारला नाही. दशावतारात संकासुर आल्यावर जसे होते तसे ते आहे: सर्वांचे लक्ष वेधले जाते, परंतु कथानक तेवढ्याने पुढे सरकत नाही. गोर्स प्रत्येक क्षण दाखवते आणि लगेच पुसून टाकते, त्यामुळे २०१६ आणि २०२३ शेजारी ठेवून पाहता येत नाहीत. काळाची तुलना करायची असेल तर काळ पडद्यावर अक्ष म्हणून पसरला पाहिजे. तो चित्रपटासारखा पळून जाऊन चालत नाही.

या विषयातील जुने आणि मला आजही सर्वांत प्रामाणिक वाटणारे काम म्हणजे बेल प्रयोगशाळेतील स्टीफन आइक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली मांडलेले 'सीसॉफ्ट'. त्यात प्रत्येक फाईल हा एक उभा पट्टा आणि कोडची प्रत्येक ओळ ही त्यातली केसाएवढी रेघ असते. नुकतीच बदललेली ओळ लाल, जुनी निळी आणि मधल्या वयाच्या ओळी मधल्या रंगांच्या. अशा रीतीने पन्नास हजार ओळी एका पडद्यावर मावत. कोड न वाचताही कोणता भाग तापलेला आहे आणि कोणता थंड पडला आहे हे एका नजरेत कळते.

परंतु चित्राचा प्रकार नंतर ठरवावा. आपल्याला नेमका कोणता प्रश्न सोडवायचा आहे, हे आधी ठरवा. "संपत का नाही" याचे उत्तर "कुठे बदलले" यात नाही.

फेरफार (लांजा)

मी संगणकाचा माणूस नव्हे. तलाठी म्हणून सेवानिवृत्त झालो असून, माझा नातू या व्यवसायात असल्यामुळे धागा वाचत होतो. एक गोष्ट ओळखीची वाटली म्हणून लिहितो.

सात-बारा उतारा हातात घेतला की जमिनीची आजची स्थिती कळते. ती स्थिती कशी आली हे कळण्यासाठी गाव नमुना सहा, म्हणजे फेरफार नोंदवही उघडावी लागते. आपल्या कोकणात वीस गुंठ्यांच्या तुकड्यावर चाळीस नावे असतात, आणि प्रत्येक नावामागे फेरफाराचा क्रमांक असतो: वारस नोंद, खरेदीखत, बक्षीसपत्र, बोजा चढवणे, बोजा उतरवणे. ज्याचा हक्क संपला त्याचे नाव आम्ही खोडत नसू. त्याला कंस करत असू. कंसातले नाव वाचता येते, परंतु ते चालू नसते. तलाठी नोंद धरतो, संबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी पंधरा दिवस मिळतात आणि त्यानंतर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात.

तेव्हा माझा प्रश्न असा, की आपल्या कमिटमध्ये फेरफाराचे कारण आणि अर्जदाराचे नाव लिहिलेले असते काय? नसल्यास, चित्र कितीही रंगीत काढले तरी ते कारणाशिवायच्या नोंदवहीचे चित्र होईल.

खोडकीड (दापोली)

फेरफार काका, आपण नकळत पन्नास वर्षांपूर्वीच्या एका रचनेचे वर्णन केले आहे. १९७२ साली, म्हणजे आमचे दापोलीचे कृषी विद्यापीठ स्थापन झाले त्याच वर्षी, बेल प्रयोगशाळेत मार्क रॉकाइंड यांनी 'एससीसीएस' तयार केली. सोर्स कोडच्या आवृत्त्या सांभाळणारी ती पहिल्यावहिल्या प्रणालींपैकी एक. तिच्यात एका फाईलच्या सर्व आवृत्त्या एकमेकींत विणलेल्या असतात. ओळ काढून टाकली तरी ती जागेवरून हलत नाही. ती अमुक आवृत्तीत आली आणि तमुक आवृत्तीत गेली अशा खुणा तिच्या आगेमागे लावल्या जातात. हवी ती आवृत्ती मागितली की त्या आवृत्तीत चालू असलेल्या ओळी तेवढ्या बाहेर येतात. हा शब्दशः आपला कंस आहे.

लिनस टॉरव्हाल्ड्स यांच्या गिटने २००५ मध्ये वेगळी वाट धरली. गिट प्रत्येक कमिटच्या वेळी संपूर्ण झाडाची स्थिती नोंदवते आणि दोन स्थितींमधला फरक आपण विचारू तेव्हा काढून दाखवते. त्यामुळे एक गंमत होते. आपण फाईलचे नाव बदलले हे गिट कुठेही लिहून ठेवत नाही; जुनी नाहीशी झालेली फाईल आणि नवी उगवलेली फाईल निम्म्याहून अधिक सारख्या दिसल्या तर ती एकच असावी असा अंदाज ते बांधते. गोर्स तर तो अंदाजही घेत नाही. म्हणून २०१८ साली आपण एखाद्या मोठ्या फोल्डरचे नाव बदलले असेल, तर चित्रात एक डेरेदार फांदी एका क्षणात कोसळते आणि शेजारी तशीच दुसरी उगवते. पाहणाऱ्याला वाटते की त्या दिवशी प्रलय झाला. प्रत्यक्षात आपण एका शब्दाचे शुद्धलेखन सुधारलेले असते.

वाशिष्ठीकाठ (चिपळूण)

प्रलयाचा विषय निघाला म्हणून सांगतो. आमच्या दुकानांसाठीच्या बिलिंग सॉफ्टवेअरच्या कमिटांचा मी एकदा आलेख काढला, आठवड्याला एक उभी रेघ याप्रमाणे. सर्वत्र गवतासारख्या रेघा आणि मध्येच एक मोकळी जागा. तारखा पाहिल्या तेव्हा आठवले: २२ जुलै २०२१. त्या दिवशी पहाटे पाणी पहिल्या मजल्याच्या पायऱ्यांपर्यंत आले. दोन संगणक चिखलात गेले. एकाचा कळफलक उलटा धरला तेव्हा कळांच्या फटींतून गाळ ओघळला होता, ते दृश्य अजून डोळ्यांसमोर आहे. कोडची एक प्रत बाहेरच्या सर्व्हरवर होती म्हणून इतिहास वाचला.

मोकळ्या जागेनंतरची पहिली उंच रेघ कशाची होती? भिजलेल्या मालाची नोंद करण्यासाठी दुकानदारांना लगेच एक रकाना हवा होता, तो आम्ही मोबाईलवरून जोडणी घेऊन एका नातेवाइकाच्या घरी बसून केला होता. आलेख पाहणाऱ्या बाहेरच्या माणसाला तिथे फक्त सुट्टी आणि सुट्टीनंतरचा उत्साह दिसेल.

चाकरमानी (डोंबिवली, मूळ गाव कणकवली)

एक इशारा द्यावासा वाटतो. मी पूर्वी ज्या कंपनीत होतो तेथील व्यवस्थापकांनी अशीच चित्रे भिंतीवरच्या पडद्यावर लावली. हेतू चांगला होता, परंतु महिन्याभरात त्या चित्रांचा उपयोग माणसे मोजण्यासाठी होऊ लागला. ज्याची आकृती सतत तिरीप सोडते तो कामाचा, आणि ज्याची आकृती फिकट होऊन नाहीशी होते तो निवांत. आमच्या गटातील एका ज्येष्ठ बाईंनी तीन आठवडे बसून एकाच हिशेबाच्या चार प्रती शोधल्या, त्या एकत्र केल्या आणि सुमारे तीन हजार ओळी काढून टाकल्या. त्यानंतर त्या भागातील चुका जवळजवळ थांबल्या. चित्रात मात्र त्या तीन आठवड्यांत त्यांची एकच तिरीप होती, आणि तीही लाल. वार्षिक मूल्यमापनात त्यांना "सहभाग वाढवावा" असा शेरा मिळाला.

बंदरवाडी, आपण दोघेच जण आहात आणि समोर पगार मंजूर करणारे मंडळ आहे. चित्रात माणसांची नावे शक्यतो ठेवू नका.

काजूबी

अवांतर: त्या बाईंनी मूल्यमापनाचा शेराही काढून टाकायला हवा होता. हलके घ्यावे.

बंदरवाडी (रत्नागिरी)

सर्वांचे आभार. काल रात्री गोर्स चालवून पाहिले आणि जे दिसले त्याने मीच चकित झालो, म्हणून लिहितो.

पहिली गोष्ट, झाड वर्षभर शांत असते आणि जून-जुलैत पेटते. हे दरवर्षी, न चुकता. कारण उघड आहे, पण मी ते कधी असे पाहिले नव्हते: आपल्याकडे गेली कित्येक वर्षे १ जून ते ३१ जुलै हा मासेमारी बंदीचा काळ असतो, लिलाव बंद असतो, संस्थेच्या कारकुनांना सवड मिळते आणि वर्षभर मनात साठवलेल्या सर्व सूचना त्या ६१ दिवसांत आमच्या टेबलावर येतात. २०१७ च्या जुलैत तर दुकानाच्या बिलांची अख्खी फांदी विजेसारखी लखलखते. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाला होता.

दुसरी गोष्ट अडचणीची आहे. २०१९ मधील एका सकाळी एकाच आकृतीतून एकाच वेळी सर्व ठिपक्यांकडे तिरिपा गेल्या. तेव्हा आमच्याकडे आलेल्या मुलाने शिस्त म्हणून सर्व फाईलींतील टॅब काढून त्यांच्या जागी स्पेस घातल्या होत्या. आता गिट ब्लेम (कोणती ओळ शेवटी कोणी बदलली हे दाखवणारी आज्ञा) केले की निम्मा कोड त्याच्या नावावर दिसतो. तो आमच्याकडे जेमतेम आठ महिने होता.

तिसरी गोष्ट लाजिरवाणी आहे. फेरफार काकांच्या प्रश्नावरून कमिटचे संदेश वाचले. "डिझेल." "डिझेल पुन्हा." "बर्फ २." "अध्यक्षांनी सांगितले म्हणून." "अध्यक्षांनी नको सांगितले म्हणून."

फेरफार (लांजा)

शेवटच्या दोन नोंदी नियमानुसार आहेत. अर्जदार आणि कारण दोन्ही नमूद आहे.

कातळसडा (राजापूर)

टॅबचा उपाय सोपा आहे. गिट ब्लेमला केवळ मोकळ्या जागेतील बदल दुर्लक्षित करण्याचा पर्याय पूर्वीपासून आहे, आणि ऑगस्ट २०१९ च्या २.२३ या आवृत्तीपासून काही ठराविक कमिट वगळून त्यांच्या मागचा खरा कर्ता दाखवण्याची सोय झाली आहे. अशा कमिटांची यादी एका फाईलमध्ये लिहून ती रिपॉझिटरीतच ठेवावी. तसेच एकच माणूस घरच्या आणि कचेरीच्या संगणकावरून दोन नावांनी दिसत असेल, तर 'मेलमॅप' नावाच्या फाईलमध्ये ती नावे जोडून द्यावीत. गोर्सही तिचा मान राखते.

आता चित्राविषयी. जून-जुलैचे निरीक्षण ऐकून मी माझा विरोध थोडा मागे घेतो, गोर्सने आपल्याला एक खरी गोष्ट दाखवली हे मान्य आहे. परंतु मंडळासमोर मी दुसरे चित्र ठेवीन. एरिक बर्नहार्डसन यांनी २०१६ साली 'गिट ऑफ थिसिअस' हे साधन लिहिले. ते इतिहासातील ठरावीक अंतरावरच्या कमिटांवर ब्लेम चालवते आणि प्रत्येक वर्षी लिहिलेल्या ओळींपैकी पुढे किती टिकल्या याचे थर एकावर एक रचून दाखवते. तळाशी २०१४ चा थर, त्यावर २०१५ चा, असे. डोंगर कापून रस्ता काढला की जांभ्याचे आणि मातीचे थर जसे दिसतात, तसे ते दिसते. प्रत्येक थर उजवीकडे जाताना कसा झिजत जातो, हे त्यात पाहण्यासारखे असते. त्यांनी काही प्रसिद्ध प्रकल्पांचे अर्धायुष्यही काढले होते, म्हणजे लिहिलेल्या ओळींपैकी निम्म्या नाहीशा व्हायला लागणारा काळ: लिनक्स या कार्यप्रणालीचे साडेसहा वर्षांच्या आसपास, तर अँग्युलर या वेबसाठीच्या साधनाचे अवघ्या चारेक महिन्यांचे.

पाचरकलम (देवगड)

लिनक्सचा उल्लेख आला म्हणून एक पुरवणी. लिनक्स १९९१ पासून आहे, परंतु त्याची आजची गिट रिपॉझिटरी एप्रिल २००५ मध्ये २.६.१२ या आवृत्तीच्या एका पूर्वरूपापासून सुरू होते. त्याआधीची चौदा वर्षे त्यात नाहीत. त्यामुळे वयाचा आलेख काढला तर सर्वांत तळाचा थर एका दिवसात उगवल्यासारखा दिसतो, जणू लाखो ओळी एकाच रात्री लिहिल्या गेल्या. ज्यांना जुना काळ हवा असतो ते पूर्वीचा इतिहास वेगळा मिळवून आजच्या मुळाशी जोडतात, आणि गिटमध्ये या जोडणीला जो शब्द आहे त्याचा अर्थ नेमका 'कलम' असाच होतो. आमच्या बागेत आम्ही रायवळच्या रोपावर हापूसची काडी बांधतो. तिथे वरचा भाग नवा आणि खालची मुळे परक्या झाडाची असतात, तरी दहा वर्षांनी सांधा शोधूनही सापडत नाही. गिटमधला सांधा मात्र तारखेसकट सापडतो.

बंदरवाडी, २०१४ पूर्वी संस्थेकडे एखादे जुने सॉफ्टवेअर होते का? त्याचा कोड आपण पहिल्याच दिवशी आत ओतला असेल, तर तळाचा थर आपला नाही.

बंदरवाडी (रत्नागिरी)

नव्हते. त्यापूर्वी लाल बांधणीच्या खतावण्या होत्या. तळाचा थर माझाच आहे, चुकांसकट.

आडबंदर (मालवण)

इतका वेळ नुसता वाचत होतो. आमच्या घरी दोन होड्या आहेत आणि मी स्वतः सॉफ्टवेअरमध्ये आहे, म्हणून त्या संचालकांच्या प्रश्नाचे उत्तर मला त्यांच्याच शब्दांत द्यावेसे वाटते. होडी पाण्यात गेली म्हणजे काम संपले असे कोणताही तांडेल म्हणणार नाही, आणि तेही मनात तसे म्हणत नसतील. बंदी लागली की होडी ओढून वर घेतात, झापांनी शाकारतात, तळ खरवडतात, फटींत कापूस भरतात, कुजलेली फळी काढून तिथे नवी बसवतात, तेल-रंग होतो आणि नारळी पौर्णिमेला सोन्याचा नारळ दर्याला अर्पण करून ती पुन्हा पाण्यात उतरते. आमच्या मोठ्या होडीतील मूळच्या फळ्या आता बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या आहेत. वडील तिला अजूनही आजोबांची होडीच म्हणतात.

होडीची डागडुजी जून-जुलैत होते आणि आपल्या कोडचीही जून-जुलैतच होते. याहून बोलके चित्र कोणत्या साधनातून निघणार?

खोडकीड (दापोली)

आडबंदर यांच्याशी पूर्ण सहमत. याला शास्त्राचा आधारही आहे. मेर लेहमन यांनी १९७४ पासून मांडलेल्या सॉफ्टवेअर उत्क्रांतीच्या नियमांपैकी पहिलाच नियम असा, की प्रत्यक्ष व्यवहारात वापरले जाणारे सॉफ्टवेअर सतत बदलत ठेवावे लागते, नाहीतर ते दिवसेंदिवस कमी उपयोगाचे होत जाते. त्यांचा निरीक्षणाचा विषय आयबीएमच्या मोठ्या संगणकांवरील कार्यप्रणाली हा होता. फरक एवढाच, की फळी समुद्रामुळे कुजते. कोड स्वतःहून कुजत नाही; त्याच्या भोवतीचे नियम बदलतात.

चाकरमानी (डोंबिवली, मूळ गाव कणकवली)

मग चित्रात तो समुद्रच दाखवावा. सुरूबन, गोर्सला आपण तयार केलेला लॉग देता येतो ना?

सुरूबन (गुहागर)

येतो, आणि हे मला आधी सुचायला हवे होते. एका ओळीत चार गोष्टी, मध्ये उभी रेघ: वेळ, व्यक्तीचे नाव, प्रकार आणि फाईलचा मार्ग. प्रकार म्हणजे भर घातली, बदल केला की काढून टाकले, यांसाठी प्रत्येकी एक अक्षर. नावाच्या जागी काय लिहावे याची सक्ती नाही. तेव्हा प्रोग्रामरचे नाव काढून तिथे ज्याच्या मागणीवरून बदल झाला त्याचे नाव लिहावे: 'लेखा', 'डिझेल पंप', 'कर विभाग', 'वार्षिक सभा'. म्हणजे झाडाभोवती तरंगणाऱ्या आकृत्या आपल्या नसतील, अर्जदारांच्या असतील.

कातळसडा (राजापूर)

हे मला मान्य आहे. आधी प्रश्न आला, मग चित्र. फक्त सर्व सहा हजार कमिटांना हाताने अर्जदार लावत बसू नका. शेवटची दोन-तीन वर्षे पुरेत.

बंदरवाडी (रत्नागिरी)

सभा काल झाली. उशिरा लिहितो आहे याबद्दल क्षमस्व.

२०२३ पासूनच्या कमिटांना अर्जदार लावले. त्यासाठी जुने व्हॉट्सॲप संदेश, कारकुनांच्या वह्या आणि माझी स्मरणशक्ती एवढीच साधने होती, त्यामुळे चार संध्याकाळी गेल्या. जिथे आठवले नाही तिथे 'अज्ञात' लिहिले. आधी कातळसडा यांनी सुचवलेला थरांचा आलेख दाखवला, मग दीड मिनिटांची चित्रफीत.

आलेखावर एक गोष्ट मी न सांगता तांडेलांनीच पकडली. तळाचा २०१४ चा थर सुरुवातीला झिजतो आणि पुढे एका जाडीवर थांबतो. "हा काय आहे?" असे त्यांनी विचारले. तो मुख्यतः लिलावाच्या पट्टीचा हिशेब आहे असे सांगितल्यावर ते म्हणाले, "बरोबर आहे. पट्टीची रीत आमच्या वडिलांपासून तीच आहे." त्या थराची किंमत मलाही तेव्हाच कळली, कारण मी त्याला इतकी वर्षे 'जुना, कधीतरी पुन्हा लिहायचा कोड' म्हणत होतो.

चित्रफितीत 'वार्षिक सभा' नावाची आकृती प्रत्येक वर्षी एकदाच येते आणि थेट 'बर्फ' फोल्डरवर तिरीप सोडून निघून जाते. पहिल्या वर्षी कोणी काही बोलले नाही. दुसऱ्या वर्षी मागच्या रांगेतून हसू आले. तिसऱ्या वर्षी ती आकृती दिसताच दोघा-तिघांनी "आता बर्फ" असे मोठ्याने म्हटले, आणि तिरीप बर्फावर पडली. बर्फाची वजावट टोपलीवर धरायची की वजनावर, हा ठराव त्या सभेत दरवर्षी उलटसुलट होतो. आडबंदर यांची होडीची गोष्ट मी सांगणार होतो, पण तांडेलांनी ती माझ्याआधीच सुरू केली, त्यामुळे ऐकत बसलो.

यापुढे बदलाची प्रत्येक मागणी नोंदवहीत लेखी, कारण आणि अर्जदाराच्या सहीसह द्यावी असा ठराव झाला. मी घरी जाण्यापूर्वीच वहीत पहिली नोंद आली होती. विषय: बर्फ वजावट. कारण: "मागील वर्षाप्रमाणे पूर्ववत करणे."

फेरफार (लांजा)

नोंद धरावी. हरकतीसाठी पंधरा दिवस द्यावेत.